युरोपचा पैसा आणि फेरोचे दहा क्लब

२०२३ च्या जुलैत फेरो बेटांवरच्या क्लाक्सविक नावाच्या मासेमारी बंदरातल्या केआय या क्लबने बुडापेस्टला जाऊन फेरेन्त्सवारोशला ३-० असं हरवलं. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या पहिल्या पात्रता फेरीतली ही लढत होती. फेरेन्त्सवारोश म्हणजे हंगेरीतला सर्वांत मोठा क्लब, आणि क्लाक्सविक म्हणजे साधारण पाच हजार वस्तीचं गाव. या निकालानंतर फेरेन्त्सवारोशचे प्रशिक्षक स्तानिस्लाव चेर्चेसोव यांची नोकरी गेली. पुढच्या फेरीत केआय क्लाक्सविकने स्वीडनचा विजेता हेकेन याला पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढलं. मग नॉर्वेच्या मोल्डेने आणि त्यानंतर मोल्दोव्हाच्या शेरीफ तिरास्पोलने त्यांना एकेका गोलाच्या फरकाने अडवलं, तरी हरलेला संघ खालच्या स्पर्धेत जातो, त्यामुळे कॉन्फरन्स लीग या युरोपच्या तिसऱ्या पातळीच्या स्पर्धेची साखळी फेरी त्यांच्या हाती लागलीच. फेरो बेटांवरचा कुठलाही क्लब याआधी तिथवर पोचला नव्हता. ऑक्टोबरमध्ये राजधानी टोर्सहाव्नच्या मैदानावर त्यांनी लीलला ०-० असं रोखलं. हा तोच लील, जो दोनच वर्षांपूर्वी पॅरिसला मागे टाकून फ्रान्सचा विजेता झाला होता.

या कामगिरीबद्दल मला निखळ आनंद आहे. मला बोलायचंय ते त्यानंतर आलेल्या पैशाबद्दल.

त्या वर्षी कॉन्फरन्स लीगच्या साखळी फेरीत नुसतं पोचल्याबद्दल प्रत्येक क्लबला २९ लाख ४० हजार युरो मिळत होते. शिवाय प्रत्येक विजयाचे ५ लाख आणि बरोबरीचे १ लाख ६६ हजार. केआयने एक सामना जिंकला, एक बरोबरीत सोडवला. म्हणजे पात्रता फेऱ्यांचं मानधन बाजूला ठेवलं तरी रक्कम ३६ लाख युरोंवर जाते, त्या वेळच्या भावाने ३० कोटी रुपयांहून जास्त. ज्या लीगमधले बहुतेक खेळाडू दिवसा शाळेत शिकवतात, सुतारकाम करतात, मासळीच्या कारखान्यात किंवा बोटीवर असतात आणि संध्याकाळी सरावाला येतात, त्या लीगमधल्या एकाच क्लबच्या खात्यात ही रक्कम एका हंगामात जमा होते. माझं म्हणणं असं की, अशा रकमेचा एक ठरलेला हिस्सा लीगमधल्या बाकीच्या क्लबांना मिळालाच पाहिजे, तोही उदारपणे दिलेली देणगी म्हणून नव्हे, नियम म्हणून. तसं झालं नाही तर फेरोने ऐंशी वर्षं जपलेली लीग नावापुरती उरेल.

आधी ही लीग काय आहे ते नीट पाहायला हवं. अटलांटिक महासागरात आइसलंड, नॉर्वे आणि स्कॉटलंड यांच्या मधोमध १८ बेटं, त्यांतल्या १७ बेटांवर वस्ती, एकूण लोकसंख्या ५४-५५ हजार. डेन्मार्कच्या राजवटीखाली, पण १९४८ पासून स्वतःचा अंतर्गत कारभार स्वतः पाहणारा हा प्रदेश. निर्यातीत जवळपास सगळा वाटा मासळीचा. लीग सुरू झाली १९४२ मध्ये, म्हणजे डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात आणि बेटं ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात असताना. पहिला विजेता हाच केआय क्लाक्सविक. १९४४ मध्ये स्पर्धा झालीच नाही, कारण युद्धामुळे खेळायला पुरेसे चेंडू मिळेनात. चेंडूंअभावी एक हंगाम गेला आणि पुढच्या वर्षी लोकांनी ती पुन्हा उभी केली.

आज वरच्या श्रेणीत दहा संघ आहेत. प्रत्येक जण दुसऱ्याशी तीनदा खेळतो, म्हणजे २७ सामने. हिवाळ्यात अटलांटिकचा वारा खेळू देत नाही, म्हणून हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो. मैदानं कृत्रिम हिरवळीची, आणि बहुतेक नगरपालिकांच्या खर्चाने झालेली. टोर्सहाव्नमध्ये एचबी आणि बी-३६ हे दोन वैरी गुन्डाडालुर इथल्या एकाच मैदानावर राहतात. कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की मैदान एक असूनही गाव कसं दोन होतं, ते त्याने पाहिलेलं असतं.

या लीगचं विजेतेपद कुठे कुठे फिरलं आहे ते पाहिलं की तिचा स्वभाव कळतो. १९८९ मध्ये ते सान्डॉय बेटावरच्या बी-७१ कडे गेलं, आणि त्या अख्ख्या बेटाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. १९९२ मध्ये टोफ्टिर या छोट्या गावाच्या बी-६८ कडे. २००० मध्ये दक्षिणेकडच्या सुदुरॉय बेटावर, वागुरच्या व्हीबीकडे. आणि २००७ ते २०१८ या बारा वर्षांत एनएसआय, ईबी/स्ट्रेयमुर, एचबी, बी-३६ आणि व्हिकिंगुर असे पाच वेगवेगळे क्लब विजेते झाले. युरोपातल्या किती लीगना हे सांगता येईल? स्वतः केआय क्लाक्सविक १९९९ नंतर थेट २०१९ मध्ये जिंकला. वीस वर्षं थांबला. त्या वीस वर्षांत त्याचे दिवस परत येऊ शकले, कारण समोरचे क्लब कायमचे हाताबाहेर गेले नव्हते.

२०१९ ते २०२४ या सहा वर्षांत केआयने चार वेळा विजेतेपद घेतलं. हे सगळं युरोपच्या पैशामुळे झालं असं मी म्हणणार नाही. क्लाक्सविकमध्ये नियोजन चांगलं आहे, बंदराच्या उद्योगाचं पाठबळ आहे, डेन्मार्क-नॉर्वेकडचे चांगले व्यावसायिक खेळाडू त्यांनी आणले, २०२३ चे प्रशिक्षक मॅग्ने होसेथही नॉर्वेचेच. २०२४ मध्ये व्हिकिंगुरने विजेतेपद हिसकावूनही घेतलं. म्हणजे दार अजून बंद झालेलं नाही. आणि ते बंद होण्याआधीच नियम करायचा असतो. बंद झाल्यावर तो कोणी करू देत नाही, कारण तोवर नियम करणाऱ्यांच्या बैठकीतही एकाच क्लबचा शब्द चालायला लागलेला असतो.

दार बंद झालं की काय होतं, याचे दाखले युरोपभर आहेत. बल्गेरियात लुडोगोरेत्स या क्लबने २०१२ पासून सलग चौदा विजेतेपदं घेतली. बेलारूसमध्ये बाते बोरिसोवने २००६ ते २०१८ अशी तेरा. मोल्दोव्हात २००१ ते २०२३ या काळात जवळजवळ दरवर्षी शेरीफ तिरास्पोल, हाच शेरीफ ज्याने २०२३ मध्ये केआयला अडवलं. चक्र सगळीकडे सारखंच असतं. एक क्लब युरोपात दोन-तीन फेऱ्या टिकतो, पैसा मिळतो, त्या पैशातून शेजारच्या क्लबचे चांगले खेळाडू येतात, पुढच्या वर्षी घरची लीग आणखी सहज जिंकली जाते आणि पुन्हा युरोपचं तिकीट मिळतं. बाकीच्यांना दुसऱ्या क्रमांकासाठी खेळायची सवय लागते. मोठ्या देशात याने मरगळ येते. ५४ हजारांच्या देशात गावंच्या गावं फुटबॉलमधून बाहेर पडतील.

फेरोमध्ये हा धोका आणखी दोन गोष्टींनी वाढतो, आणि दोन्हींवर कमी बोललं जातं.

एक, बोगदे. समुद्राखालचा नॉर्दोया बोगदा २००६ मध्ये झाला आणि क्लाक्सविक रस्त्याने बाकीच्या मुख्य बेटांशी जोडलं गेलं. २०२० च्या डिसेंबरात सुमारे ११ किलोमीटरचा एस्टुरॉय बोगदा उघडला. त्यात समुद्राच्या तळाखाली चक्क गोल चौक आहे. टोर्सहाव्नहून रुनाविकला जायला पूर्वी तासभर लागायचा, आता पाव तास. २०२३ मध्ये सान्डॉयही बोगद्याने जोडलं गेलं. माणसांच्या रोजच्या जगण्यासाठी हे मोठं वरदानच आहे, आणि त्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण आता एखाद्या छोट्या गावातला सोळा वर्षांचा चांगला मुलगा घर न सोडता संध्याकाळी मोठ्या क्लबच्या सरावाला जाऊ शकतो. पूर्वी समुद्र त्याला गावच्या क्लबमध्ये ठेवत होता. आता त्याला ठेवायचं तर गावच्या क्लबकडे चांगला प्रशिक्षक हवा, आणि प्रशिक्षकाला पगार लागतो. सुदुरॉय अजून बोटीवरच आहे. ‘स्मिरिल’ बोटीने टोर्सहाव्नपासून दोन तास. तिथल्या त्वोरॉयरीचा टीबी हा क्लब १८९२ चा, बेटांवरचा सर्वांत जुना. तिथल्या क्लबांनी टिकण्यासाठी एकत्र येऊन पाहिलं, पुन्हा वेगळे झाले. बाहेरगावचा प्रत्येक सामना म्हणजे त्यांच्यासाठी दिवसाची रजा असते.

दुसरी गोष्ट ‘ब’ संघांची. दुसऱ्या श्रेणीत मोठ्या क्लबांचे राखीव संघ खेळतात. त्यांना वरच्या श्रेणीत चढता येत नाही, पण जागा ते अडवतात आणि मुख्यतः खेळाडू अडवतात. मोठ्या क्लबच्या ‘ब’ संघात बसलेला विशीतला मुलगा एखाद्या छोट्या क्लबचा मुख्य आघाडीवीर होऊ शकला असता. ज्याच्याकडे पैसा आहे तोच दोन-दोन संघ भरून ठेवू शकतो.

इथे एक गंभीर आक्षेप ऐकायला मिळतो. इतक्या लहान देशाला स्वतःची लीग हवीच कशाला? दोन-तीन चांगले क्लब डेन्मार्कच्या लीगमध्ये घाला, खेळाडूंची पातळी वाढेल, पैसाही येईल. हा विचार मूर्खपणाचा नाही, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

उत्तर लिश्टेनस्टाइनमध्ये आहे. चाळीसेक हजार वस्तीचा हा देश, युरोपीय फुटबॉल संघटना युएफाचा सदस्य, पण त्याची स्वतःची लीग नाही. सगळे क्लब स्वित्झर्लंडच्या वेगवेगळ्या श्रेणींत खेळतात. देशात होते ती फक्त चषक स्पर्धा. त्या चषकाच्या वाटेने एफसी वाडुझ युरोपात जातो. २०२२-२३ मध्ये तर तो कॉन्फरन्स लीगच्या साखळी फेरीत पोचला, म्हणजे केआयच्या एक वर्ष आधीच. क्लबच्या यशाने मोजायचं तर लिश्टेनस्टाइनचा मार्ग बरा दिसतो. पण वाडुझचा संघ मोठ्या प्रमाणात परदेशी खेळाडूंनी भरलेला असतो, आणि बाकीचे क्लब स्विस फुटबॉलच्या खालच्या पायऱ्यांवर विखुरलेले. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत लिश्टेनस्टाइनला एकही गुण मिळाला नाही. त्याच पात्रता फेरीत फेरोने मॉन्टेनेग्रोला ४-० ने आणि चेक प्रजासत्ताकाला २-१ ने हरवून १२ गुण मिळवले. दोन देशांत फरक फक्त लीगचा आहे असा माझा दावा नाही. मात्र फेरोमध्ये दर आठवड्याला वरच्या श्रेणीत दहा संघ, म्हणजे ११० खेळाडू, पहिल्या मिनिटापासून मैदानात असतात आणि त्यांतले बहुसंख्य बेटांवरचे असतात. कोणी कच्चा असेल, कोणी पस्तिशीचा असेल, पण चुकीच्या पासची जबाबदारी त्याला स्वतःला घ्यावी लागते आणि सोमवारी कामावर गेल्यावर त्याबद्दल ऐकूनही घ्यावं लागतं. राष्ट्रीय संघाचे चांगले खेळाडू पुढे डेन्मार्क-नॉर्वेत जातात, जावंच. पण त्यांना घडवणारी जागा घरीच आहे.

लिश्टेनस्टाइनला स्वित्झर्लंडमध्ये खेळायला बसने जाता येतं. फेरोला डेन्मार्कमध्ये खेळायला हजारभर किलोमीटर समुद्र ओलांडावा लागला असता. समुद्राच्या अडचणीमुळेच त्यांना आपल्यापुरतं काही उभारावं लागलं, आणि ते उभारलं म्हणून पुढचं सगळं झालं. १९८८ मध्ये फिफाने आणि १९९० मध्ये युएफाने त्यांना स्वतंत्र सदस्य करून घेतलं. नंतर युएफाने नियम कडक केले आणि सार्वभौम नसलेल्या प्रदेशांसाठी दार जवळपास लागलं. जिब्राल्टरला आत यायला क्रीडा लवादापर्यंत झगडावं लागलं. ऑलिम्पिकमध्ये फेरोला आजही स्वतःचं नाव नाही. जलतरणपटू पाल योएन्सेन २०१२ मध्ये लंडनला उतरला तो डेन्मार्ककडून. जगातल्या सर्वांत लोकप्रिय खेळात मात्र ही बेटं स्वतःच्या झेंड्याखाली उभी राहतात.

१२ सप्टेंबर १९९० ला त्यांनी पहिला अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळला, ऑस्ट्रियाविरुद्ध. बेटांवर हिरवळीचं मैदान नसल्याने ‘घरचा’ सामना स्वीडनमधल्या लान्ड्सक्रोनात घ्यावा लागला. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुदसेन डोक्यावर लोकरीची गोंड्याची टोपी घालून उभा होता. एरवी तो मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. गोल केला तोर्किल निल्सेनने, जो इमारती लाकूड विकायचा आणि बुद्धिबळही उत्तम खेळायचा. १-० असा विजय. त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रिया इटलीतला विश्वचषक खेळून आली होती. हे अकराजण एका क्लबने घडवले नव्हते, वेगवेगळ्या बेटांवरच्या क्लबांनी घडवले होते.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो: केआयने मेहनतीने मिळवलेला पैसा इतरांनी का खावा? जो जिंकतो त्याला शिक्षा कशाला?

यात तथ्य आहे, आणि केआयचा मोठा वाटा केआयकडेच राहिला पाहिजे. प्रवास त्यांनी केला, धोका त्यांनी पत्करला. पण युरोपचं तिकीट कोणी दिलं? २७ सामन्यांत नऊ क्लबांनी समोर उभं राहून दिलं. ते नऊ नसते तर चॅम्पियन ही पदवीच नसती. शिवाय युरोपात कुठल्या देशाचे किती क्लब जाणार आणि कुठल्या फेरीतून सुरुवात करणार, हे पाच वर्षांच्या गुणांवरून ठरतं, आणि त्या गुणांत देशाच्या सगळ्या क्लबांचे निकाल एकत्र धरले जातात. केआयच्या विजयाचा फायदा उद्या एचबीला होतो, व्हिकिंगुरच्या विजयाचा फायदा केआयला. गुण सामायिक आणि पैसा मात्र एकट्याचा, हे तर्काला धरून नाही. युएफालाही हे पटलेलं दिसतं. स्पर्धेत न खेळणाऱ्या क्लबांना देण्याचा ऐक्यनिधी त्यांनी २०२४ पासून ४ टक्क्यांवरून ७ टक्के केला. दिशा योग्य आहे, पण ती रक्कम सगळ्या युरोपात विभागली जाते. एका छोट्या लीगमध्ये अचानक पडलेली दरी तिच्याने भरत नाही. ती भरण्याचं काम त्या देशाच्या संघटनेलाच करावं लागतं.

आणि मैदानं कोणाची आहेत हेही विसरून चालणार नाही. ती नगरपालिकांनी, म्हणजे करदात्यांनी बांधली. त्या करदात्यांत टोफ्टिरचा माणूस आहे, फुग्लाफ्योर्दुरचा आहे, सुदुरॉयचा आहे. कॉन्फरन्स लीगचे घरचे सामने केआय आपल्या गावात खेळला नाही, टोर्सहाव्नच्या राष्ट्रीय मैदानात खेळला. प्रेक्षकही सगळ्या बेटांवरून आले. ती मोहीम सगळ्या देशाने आपली मानली होती.

गोव्याच्या वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो या तीन जुन्या क्लबांनी आय-लीग ही तेव्हाची देशाची लीग सोडली, कारण देशाची मुख्य लीग अशी होणार होती जिच्यात गावचा क्लब खेळून वर चढू शकणार नव्हता, आत यायला पैसाच लागणार होता. पुढे काय झालं ते आपण पाहिलं. व्यावसायिक हक्कांचा एक मोठा करार संपत आला आणि त्या मुख्य लीगचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, २०२५ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. फेरोच्या लीगमागे एक बँक प्रायोजक म्हणून आहे, पण ती बँक उद्या गेली तरी टोफ्टिर आणि रुनाविक शनिवारी खेळतीलच. लीग क्लबांची आहे, क्लब गावाचे आहेत. गोव्याची लोकसंख्या फेरोच्या पंचवीस पटींहून जास्त आहे, हे लिहितानाही वाईट वाटतं.

मग नियम कसा असावा? माझ्या मते युरोपच्या साखळी फेरीत पोचलेल्या क्लबच्या मानधनातला तीस टक्के भाग फेरो फुटबॉल संघटनेच्या सामायिक निधीत जावा. पात्रता फेऱ्यांच्या लहान रकमांना हात लावू नये. त्या विमानभाड्यात आणि हॉटेलात जातात. निधीतून वरच्या श्रेणीतल्या बाकीच्या नऊ क्लबांना आणि दुसऱ्या श्रेणीतल्या स्वतंत्र क्लबांना समान वाटा मिळावा, ‘ब’ संघांना नाही. हा पैसा परदेशी खेळाडूंच्या पगारावर खर्च करता येऊ नये. तो तरुणांच्या प्रशिक्षकांवर, मुलींच्या संघांवर आणि सुदुरॉयच्या क्लबांच्या बोटीच्या खर्चावर जावा. हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. २०२३ च्या आकड्यांवर हे लावून पाहिलं तर दहा लाख युरोंहून थोडा जास्त निधी जमतो, आणि केआयकडे तरीही पंचवीस लाख राहतात. पंचवीस लाखांत क्लाक्सविकची पुढची मोहीम थांबणार नाही. आणि दहा लाखांत प्रत्येक क्लबला निदान एक पूर्णवेळ प्रशिक्षक काही काळ ठेवता येईल.

हा ठराव केआय क्लाक्सविकनेच संघटनेच्या सभेत मांडावा असं मला मनापासून वाटतं. बाकीच्या नऊंनी तो मांडला तर तो मत्सर दिसेल आणि वाद चिघळेल. केआयने मांडला तर कोणाला विरोध करायला जागाच उरणार नाही. १९९९ ते २०१९ ही वीस वर्षं ज्या क्लबने दुसऱ्यांना चषक उचलताना पाहिलं, त्याला या नियमाची गरज इतरांपेक्षा जास्त कळली पाहिजे.